अलाइनर लावायचेत, पण रोजचे २२ तास जमतील का?

आदरणीय डॉक्टर,
स. न. वि. वि.
मी ३६ वर्षांची आहे. साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत आणि वरचा डावा सुळा ओळीबाहेर, वरच राहिलाय. लहानपणी तारा लावायच्या राहून गेल्या. आता स्वतःच्या पगारातून हे करून घ्यावं असं मनात आहे. एका दवाखान्यात स्कॅन करून संगणकावर ९ महिन्यांत दात सरळ होताना दाखवले. दुसरीकडे एका जाहिरातीत म्हणतात, घरीच माप घ्या, अलाइनरचे, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे, ट्रे कुरिअरने येतील, तेही निम्म्या पैशांत. सासूबाई म्हणतात, या वयात दात हलवले तर म्हातारपणी पडतील. ट्रे रोज २२ तास तोंडात ठेवायचे म्हणे, पण मला दिवसभर वर्गावर बोलावं लागतं, चहा चार वेळा होतो. खूप दुखतं का? बोलणं बिघडतं का? आणि हे खरंच काम करतं का?
ता. क. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्याही पुढच्या दोन दातांत फट आहे. तिचंही आत्ताच करून घेऊ का?
– एक शिक्षिका

प्रिय ताई,

सासूबाईंच्या शंकेपासूनच सुरुवात करते, कारण ती शंका रास्त आहे. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका, पण सतत दाब राहिला की ज्या बाजूला मूळ दाबलं जातं तिथलं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड घालतं. दात सरकतो तो असा. सोळाव्या वर्षी हे जसं घडतं तसंच छत्तिसाव्या आणि छप्पन्नाव्या वर्षीही घडतं. मोठेपणी सुरुवात जरा सावकाश होते, इतकंच.

सासूबाईंना ज्याची भीती वाटते ते घडतं हिरड्या खराब असताना दात हलवले तर. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड आधीच झिजत असतं आणि त्यावर दाब दिला की ते आणखी वेगाने जातं. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तुमच्या हिरड्या बारीक सळईने तपासल्या का, दोन्ही जबड्यांचा मोठा एक्स-रे काढला का, हे मला तुमच्या संगणकावरच्या चित्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ब्रश करताना रक्त येत असेल तर आधी स्केलिंग (दातांवरचं किटण खरवडून काढणं) आणि हिरड्यांचे उपचार. कीड असेल तर ती आधी भरायची. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते न विचारताही सांगायचं. हे सगळं ठीक असेल तर सासूबाईंना खुशाल सांगा, वयामुळे दात पडणार नाहीत.

आणि दात वेडेवाकडे असणं हा काही आजार नव्हे. तुमच्या खालच्या दातांच्या गर्दीत ब्रश नीट पोचत नाही, तिथे किटण लवकर साठतं, हे खरं. पण हिरड्या चांगल्या असतील आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तरी चालेल. ‘मला माझे दात सरळ हवेत’ हे कारण पुरेसं आहे, त्यासाठी घरात कुणाला आजाराचं नाव सांगण्याची गरज नाही.

आता अलाइनर. प्लास्टिकचे ट्रे वापरून दात हलवण्याची कल्पना नवी नाही. केस्लिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्यांनी १९४५ मध्येच ती मांडली होती. पण त्या काळी प्रत्येक टप्प्यासाठी प्लास्टरच्या साच्यावर हाताने दात कापून पुन्हा बसवावे लागत. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी हे काम संगणकाकडे सोपवलं, कंपनी काढली आणि त्यातून इन्व्हिसलाइन या नावाचे अलाइनर आले. त्या कंपनीचे महत्त्वाचे पेटंट २०१७ पासून संपू लागले. आज आपल्याकडे गल्लोगल्ली अलाइनरच्या पाट्या दिसतात त्यामागचं हे एक मोठं कारण. मशीन, प्लास्टिक आणि सॉफ्टवेअर आता बरेच जण विकत घेऊ शकतात. कोणता दात आधी, कोणता नंतर, किती आणि कशाच्या आधाराने हलवायचा, हे डोकं मात्र विकत मिळत नाही. तुम्ही पैसे मोजता ते खरं तर त्यासाठी.

एकेका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर सरकवण्याची योजना असते. ट्रे ७ ते १४ दिवसांनी बदलायचा. दिवसातून २० ते २२ तास तो तोंडात हवा. काढायचा तो फक्त खाताना, पाण्याशिवाय काहीही पिताना आणि ब्रश करताना. हा आकडा पेशंटला धाक घालण्यासाठी काढलेला नाही. वर सांगितलेली हाडाची क्रिया सतत दाबावर चालते. ट्रे काढून ठेवला की दात मागे सरकू लागतो आणि परत घातल्यावरचे पहिले काही तास गमावलेलं परत मिळवण्यात जातात. १५-१६ तास लावणाऱ्यांचे दात अर्धवट हलतात, पुढचा ट्रे नीट बसत नाही, दात आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसू लागते. मग योजनाच फिसकटते.

म्हणून तुमच्या पत्रातला चार वेळचा चहा मला तुमच्या वाकड्या सुळ्याइतकाच महत्त्वाचा वाटला. हिशेब करून बघा. सकाळी उठल्यावरचा चहा आणि नाश्ता, शाळेत मधल्या सुट्टीत डबा आणि वर चहा, घरी आल्यावर चहा आणि काही तोंडात टाकायला, रात्रीचं जेवण. प्रत्येक वेळी ट्रे काढणं, खाणं, चूळ भरणं किंवा ब्रश करणं, परत घालणं. नुसत्या चहालासुद्धा २० मिनिटं जातात, कारण स्टाफरूममध्ये चहा कधी नुसता चहा नसतो. त्यात एखादा हळदीकुंकवाचा किंवा लग्नाचा दिवस आला की ४ तास कुठे गेले कळत नाही. पुष्कळ जणांना मी सांगते, चहा सोडू नका, पण जेवणाला जोडा. नाश्त्याबरोबर एक, डब्याबरोबर एक, बास. संध्याकाळचा सोडणं जड जात असेल तर ठेवा, पण मग तो १० मिनिटांत संपवून ट्रे परत आत.

ट्रे लावूनच चहा घेतला तर काय होईल, हे विचारणारे खूप असतात. गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि मग ते दाताला भलत्याच दिशेने ढकलू शकतं. रंग चढतो, ते तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे साखर ट्रे आणि दात यांच्यामध्ये अडकून बसते. लाळ एरवी ती धुऊन टाकते, पण ट्रेच्या आत लाळ पोचत नाही. कोकम सरबत, ताक, सोडा यांचंही तेच. ट्रे असताना फक्त पाणी, तेही साधं किंवा कोमट.

पहिला आठवडा कसा जाईल ते नीट सांगते, कारण बहुतेक जण इथेच घाबरतात. पहिला ट्रे बसवल्यावर घट्ट वाटतं, दात आवळल्यासारखे होतात. खरं दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि २-३ दिवसांत उतरतं. कळ मारत नाही. चावताना दात ठणकल्यासारखे वाटतात. या दिवसांत मऊ भात, खिचडी, वरण बरं. भाकरी मोडून, भिजवून खा. चकली आणि कडक पेरू आठवडाभर लांब. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल चालते, तुम्हाला ती एरवी चालत असेल तर. आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या रोज घेणं टाळावं, कारण दात हलण्यासाठी लागणाऱ्या सूजेच्या प्रक्रियेलाच त्या आवर घालतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना घाला, म्हणजे पहिले कठीण तास झोपेत निघून जातात. पुढच्या ट्रेंना एवढा त्रास होत नाही. दात किंचित हलताना जाणवले तर दचकू नका. सरकणारा दात थोडा सैल होतोच.

ट्रे काढणं हा पहिल्या आठवड्यातला खरा छळ. आरशासमोर उभं राहून पुढून ओढलंत तर तो निघणार नाही आणि कडेला तडा जाईल. बोट तोंडात मागे दाढेपर्यंत न्यायचं, आतल्या बाजूने, जिभेकडून, नखाने कड पकडायची आणि खाली ओढायची. मग दुसऱ्या बाजूची दाढ. दोन्ही बाजू सुटल्या की पुढचा भाग आपोआप येतो. वरचा असेल तर खाली, खालचा असेल तर वर. लाळ ओघळते, नखं दुखतात, डोळ्यांत पाणी येतं. शाळेत हे करायला स्टाफरूमच्या कोपऱ्यातलं बेसिन आधीच हेरून ठेवा. नखं तुटत असतील तर छोटा प्लास्टिकचा हूक मिळतो, तो पर्समध्ये असू द्या. दोन आठवड्यांत हे हाताला असं बसतं की आरसा लागत नाही. ट्रेची कड गालाला किंवा जिभेला टोचत असेल तर नख घासायच्या कानसीने ती किंचित गुळगुळीत करता येते. डॉक्टर दवाखान्यातही करून देतात.

काढलेला ट्रे ताबडतोब डबीत. हे मी जितक्या वेळा सांगते तितक्या वेळा कमी पडतं. अलाइनर हरवतात ते हॉटेलात आणि लग्नाच्या पंगतीत. कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि ताटाबरोबर तो नॅपकिनही उचलला जातो. घरात कुत्रं असेल तर त्यालाही लाळेचा वास लागलेलं प्लास्टिक फार आवडतं. आधीचा ट्रे कधी फेकू नका. चालू ट्रे हरवला तर डॉक्टरांना फोन करा. बदलायचा दिवस जवळ असेल तर ते पुढचा लावायला सांगतील, नुकताच लावला असेल तर मागचा.

धुण्याबद्दल थोडक्यात. मऊ ब्रश, साधं किंवा कोमट पाणी, सौम्य साबण. टूथपेस्टने ट्रेवर ओरखडे पडतात आणि मग वास धरतो. उकळत्या पाण्यात टाकून ‘निर्जंतुक’ केलेले ट्रे मी पाहिलेत, ते परत कुणाच्याच दातांवर बसत नाहीत.

बोलण्याबद्दल तुम्ही विचारलंत. मराठीच्या बाईंना हे आधी सांगायलाच हवं की पहिले काही दिवस स, श, आणि ‘चमचा’ किंवा ‘जहाज’मधले च-ज थोडे फुसफुसतात. या ध्वनींना जीभ वरच्या दातांमागे टेकते आणि तिथे आता प्लास्टिक आहे. बहुतेकांचं आठवड्याभरात, काहींचं दोन आठवड्यांत सुरळीत होतं. घरी मोठ्याने वाचा. अभंग, पाठ्यपुस्तकातल्या कविता, वर्तमानपत्र, काहीही, पण मोठ्याने. वर्गावर जायच्या आदल्या शुक्रवारी सुरुवात केलीत तर शनिवार-रविवार सरावाला मिळतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीची सुरुवात त्याहून चांगली. आणि बोलणं सोपं व्हावं म्हणून प्रत्येक तासिकेला ट्रे काढून ठेवायची सवय लावू नका. पाच तासिका म्हणजे तीन-चार तास गेलेच.

जाहिराती जे सांगत नाहीत ते आता सांगते, म्हणजे नंतर तुम्हाला धक्का बसायला नको.

एक म्हणजे दातांवर बटणं लावली जातात. दाताच्या रंगाचे, तांदळाच्या कण्याएवढे उंचवटे पुढच्या दातांवर आणि दाढांवर चिकटवतात. ट्रेला दात पकडायला ते लागतात, विशेषतः गोल आकाराचे सुळे आणि उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) वळवायला. ‘अदृश्य’ ट्रे काढला की हे उंचवटे दिसतात आणि जीभ सारखी तिकडे जाते. त्यांच्या कडांना हळद लागून पिवळसर होतात. जेवणानंतर लगेच ब्रश केला तर कमी. उपचार संपल्यावर ते घासून काढतात आणि खाली दात होता तसाच असतो. काही पेशंटना शिवाय छोटे रबर लावावे लागतात, वरच्या दातापासून खालच्या दाढेपर्यंत.

दुसरं, दातांमधली जागा. तुमचे खालचे दात एकमेकांवर चढलेत म्हणजे त्यांना ओळीत उभं राहायला जागा नाही. ती कुठून तरी आणावी लागते. मोठ्यांमध्ये बरेचदा दोन दातांच्या मधून इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, पातळ पट्टीने किंवा चकतीने घासतात, एका फटीत साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. दुखत नाही, भूल लागत नाही. मर्यादेत केलं तर कीड वाढत नाही, हे बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने आणि अभ्यासाने दिसलंय. पण इनॅमल परत उगवत नाही. म्हणून किती दातांमध्ये, किती घासणार, हे सुरुवातीलाच विचारा आणि लिहून घ्या. चौथ्या ट्रेला खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा हे ऐकायला मिळू नये.

तिसरं, काळे त्रिकोण. एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की त्यांच्या मधे, हिरडीजवळ, बारीक त्रिकोणी फट दिसू शकते. दात चढलेले असताना ती झाकलेली होती. मोठ्या वयात खालच्या दातांत हे बरेचदा होतं. थोडं इनॅमल घासून दात जवळ आणून ती कमी करता येते, पूर्ण जाईलच असं नाही. ज्यांना हे आधी सांगितलेलं असतं ते समाधानी असतात. न सांगितलेले रडत येतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ : ९ महिन्यांत खरंच होईल का? संगणकावर तुम्ही जे पाहिलंत तो बेत आहे, भाकीत नाही. तिथे दात पाण्यातून सरकल्यासारखे जातात, कारण त्या चित्रात हाड नाही आणि बहुतेकदा तुमची खरी मुळंही नाहीत. बेतात दाखवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल मोजून पाहिली तेव्हा २००९ मधल्या एका अभ्यासात सरासरी ४१ टक्के आणि २०२० मधल्या दुसऱ्यात ५० टक्के साधली होती. याचा अर्थ अर्धे दात वाकडेच राहतात असा नव्हे. अर्थ असा की पहिला संच संपल्यावर पुन्हा स्कॅन करून उरलेल्या कामासाठी ट्रेचा दुसरा संच काढावा लागतो, कधी तिसराही. हे अपयश नाही, पद्धतच तशी आहे. म्हणून ९ महिने ऐकलंत की मनात १२ ते १५ धरा, आणि दुसऱ्या संचाचे पैसे आधीच्या रकमेत आहेत का, हे विचारा.

दात कोणत्या दिशेने हलवायचा, यावरही पुष्कळ ठरतं. पुढे-मागे किंचित झुकवणं, फटी बंद करणं, खालच्या दातांसारखी साधारण गर्दी सोडवणं हे अलाइनर चांगलं करतात. दात हिरडीतून खाली ओढणं, गोल दात वळवणं, मूळ सरळ उभं ठेवून दात लांबवर नेणं, हे त्यांना जड जातं. तुमचे खालचे दात ऐकले तेव्हा मला चिंता वाटली नाही. ‘वरचा सुळा ओळीबाहेर, वरच राहिलाय’ हे वाचल्यावर मी थांबले. त्या सुळ्यासाठी जागा करून तो खाली आणायचा आहे. जागा फार कमी असेल तर कदाचित उपदाढ काढावी लागेल, आणि दात काढलेल्या केसमध्ये अलाइनरने मुळं समांतर ठेवणं कठीण. अशा वेळी काही महिने तारा आणि मग अलाइनर, किंवा सरळ तारा, असा सल्ला एखाद्या डॉक्टरने दिला तर तो मागासलेला नाही, खरं बोलतोय. ज्याने सुळ्याचा विषयच काढला नाही आणि ९ महिन्यांचा व्हिडिओ दाखवला, त्याला मी आधी सुळ्याबद्दल विचारेन.

तारांबद्दलही एक शब्द. सिरॅमिकच्या ब्रॅकेट (दातांवर चिकटवायचे, तार धरणारे छोटे तुकडे) लांबून फारशा दिसत नाहीत. धातूच्या तारा अलाइनरच्या निम्म्याहून कमी खर्चात होतात. मुख्य म्हणजे त्या २४ तास तोंडात असतात, तुमच्या शिस्तीवर अवलंबून नसतात. घर, शाळा, सासूबाई आणि मुलगी सांभाळताना २२ तासांचा हिशेब ठेवणं जमणार नसेल तर तारा लावा. त्यात कमीपणा काहीच नाही. पैशांची ओढाताण असेल तर मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यातलं बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली फार कमी खर्चात तारा लावून मिळतात. रांग असते, वेळ लागतो, पण काम चोख होतं.

घरबसल्या मिळणाऱ्या किटबद्दल मी आडपडदा न ठेवता लिहिते : घेऊ नका. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्माइल डायरेक्ट क्लबने हाच धंदा केला, दवाखाना टाळून, घरी माप, पोस्टाने ट्रे. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये कुलूप लावलं. उपचार अर्ध्यावर असलेल्या लोकांना जायला जागा राहिली नाही आणि हप्त्यांवर घेतलेल्यांनी हप्ते भरतच राहावेत असं त्यांना सांगण्यात आलं. तो पैशाचा भाग झाला. दातांचा भाग असा की ज्याने तुमच्या हिरड्यांची खोली मोजली नाही, मुळांचा एक्स-रे पाहिला नाही, तो तुमच्या सुळ्याला ढकलायला निघाला आहे. दात चुकीच्या दिशेने गेला, मागच्या दाढा एकमेकांवर टेकेनाशा झाल्या, मुळाचं टोक झिजू लागलं, हे फोटो पाठवून कळत नाही. दवाखान्यात दर ६ ते ८ आठवड्यांनी तोंड उघडून दाखवायचं असतं, त्याला पर्याय नाही.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या ब्रँडकडे पाहू नका. दातांचा प्रत्येक डॉक्टर बीडीएस असतो. दात सरळ करण्याचं तीन वर्षांचं वेगळं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्समधली एमडीएस. नावापुढे ते आहे का पाहा, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी विचारा. मग हे विचारा की माझा बेत तुम्ही स्वतः आखता की कंपनीचा तंत्रज्ञ, आणि तो पाठवतो त्यात तुम्ही काय बदललंत? चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो आणि स्क्रीन तुमच्याकडे वळवून दाखवतो. तुमची बदली झाली तर फाइल आणि स्कॅन मिळेल का, तेही विचारून ठेवा. शिक्षकांच्या बदल्या मला माहीत आहेत. अलाइनरचा खर्च सोप्या केसला लाखाच्या आतबाहेर, मोठ्या ब्रँडचा आणि अवघड केसचा दोन-तीन लाखांपर्यंत जातो. त्यात एक्स-रे, बटणं, दुसरा संच आणि शेवटचे रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे ट्रे किंवा तार) धरलेत का हे लेखी घ्या. हप्ते दवाखान्याचे आहेत की कुठल्या कर्ज कंपनीचे, हेही वाचून मगच सही करा.

रिटेनरबद्दल विस्ताराने सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत राहतात. त्यांना नवी घडी घ्यायला वर्षभरही लागतं, आणि खालचे पुढचे दात तर आयुष्यभर थोडे थोडे आत यायला बघतात, उपचार केलेले असोत वा नसोत. म्हणून शेवटचा ट्रे निघाला की रिटेनर सुरू. आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री, आणि रात्रीचा कायमचा. खालच्या दातांना मागच्या बाजूने बारीक तार चिकटवून घेणं तुमच्यासारख्या गर्दीच्या केसमध्ये मला फार पसंत आहे. ती दिसत नाही, फक्त तिच्याखाली फ्लॉस घालायला शिकावं लागतं आणि सहा महिन्यांनी दाखवावं लागतं. रिटेनर काही वर्षांनी झिजतो, नवा करावा लागतो, तोही खर्च धरा. जो डॉक्टर ‘नंतर काही लागत नाही’ म्हणतो त्याच्याकडून उठून या.

शेवटी शेवटी तुम्हाला वाटेल की पुढचे दात छान झाले पण मागच्या दाढा चावताना टेकत नाहीत. दोन ट्रेची जाडी सतत दाढांच्या मधे राहिल्याने त्या किंचित दाबल्या जातात. बरेचदा ट्रेचा वेळ कमी झाल्यावर काही आठवड्यांत त्या आपोआप जागेवर येतात. नाही आल्या तर डॉक्टरांनी त्यासाठी काहीतरी करायला हवं. ‘दिसायला छान आहेत ना’ एवढ्यावर उपचार संपवून घेऊ नका. चावता आलं पाहिजे.

आता ता. क.मधली तुमची लेक. आठव्या वर्षी वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट असणं अगदी स्वाभाविक आहे. वर हिरडीत सुळे उतरत असतात, ते शेजारच्या दातांची मुळं ढकलतात आणि टोकं बाहेर पांगतात. ११-१२ व्या वर्षी सुळे बाहेर आले की बहुतेक मुलांत ही फट स्वतःहून मिटते. त्या आधी ती बंद करायला गेलं तर नुकसानच व्हायचं. पण तिला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, त्याच भेटीत. फटीसाठी नाही, वरचे दात खालच्या दातांच्या आत चावतायत का, ती तोंडाने श्वास घेते का, झोपेत अंगठा चोखते का, दुधाची एखादी दाढ लवकर काढल्यामुळे जागा गेली का, हे पाहण्यासाठी. यातलं काही असेल तर आठ-नऊ हेच वय योग्य. नसेल तर दर वर्षी वाढदिवसाच्या आसपास एक चक्कर पुरे. सुळ्यांवर लक्ष ठेवा. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर बोट फिरवून दोन्ही बाजूंना सुळ्याचा उंचवटा लागतो का बघा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर वाट न पाहता एक्स-रे काढून घ्या. सुळा आडवा अडकला असेल तर त्या वयात त्याला वाट करून देता येते.

तुमच्या एक्स-रेमध्ये सुळ्याला किती जागा कमी आहे आणि किती इनॅमल घासायचं म्हणतात, एवढे दोन आकडे डॉक्टरांकडून लिहून आणा आणि मला पुन्हा पत्र टाका. अलाइनर की तारा, ते मग मी अधिक नेमकं सांगू शकेन.

तुमची,
डॉक्टर